एक मूल, एक फाइल

शुक्रवार, ३ जानेवारी

आज नवा फॉर्म आला. बारा रकाने, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. झोप, जेवण, बोलणं, शाळा, राग, भीती, सगळं मोजायचं. गुण जितके जास्त, तितकी त्या मुलाची गरज मोठी. शेवटच्या पानावर 'आयुष्यातील महत्त्वाच्या घटना': तारीख, घटना, परिणाम. जुन्या फॉर्ममध्ये खाली 'मापकाचं मत' म्हणून चार ओळी असायच्या, त्या उडवल्या. मी साहेबांना विचारलं, "मग मत कुठे लिहायचं?" तर म्हणाले, "बाई, एकोणीस वर्षं मतं लिहिलीत, आता त्यांना जरा विश्रांती द्या." सगळं ऑफिस फिदीफिदी हसलं. म्हणून ही वही आणली. आमचे हे म्हणाले, "बरं झालं, इतके दिवस ती मतं मला ऐकावी लागायची."

फळ्यावर साहेबांनी नियम लिहून दिलेत. एक मूल, एक फाइल. एकाच्या फाइलीत दुसऱ्याची हकिगत नको. वीस किंवा जास्त गुण, तर विशेष निवास. वीसच्या आत, तर पालक कुटुंब. वीसच्या आतल्या फाइली समिती मंगळवारी बघणार, वरच्या शुक्रवारी. फाइलीवर नाव नाही, फक्त नंबर. म्हणे वशिला चालू नये म्हणून.

खरं सांगायचं तर मला फॉर्म आवडला. मतांवरून भांडणं होतात, आकड्यांवरून नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

नवी केस. दोन बहिणी, अकरा आणि पाच. बाप दोन वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो गेलाच. आई ऑगस्टमध्ये दवाखान्यात वारली. तेव्हापासून दोघी आत्याकडे आहेत. दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात आत्याची स्वतःची तीन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. आत्या आधी माझ्यावर ओरडली, मग रडली. "मी वाईट बाई नाही हो. पण पाय कुठे ठेवू सांगा या घरात?" मी आजूबाजूला पाहिलं. खरंच जागा नव्हती.

मोठीचं नाव मी मनातल्या मनात 'मुकादम' ठेवलं. मी बसते न बसते तोच पाणी आणलं, आजीची उशी सरकवली, आत्येभावाला दटावलं, आणि हे सगळं एका हाताने. दुसऱ्या हाताला धाकटी. ती सारखी मोठीच्या झग्याचं टोक धरून. हिचं नाव 'शेपूट'.

निघताना मुकादम जिन्यापर्यंत आली. "मावशी, आम्हाला एकत्रच ठेवाल ना?"

"हो गं, वेगळं कशाला करतील?" मी म्हटलं आणि जिना उतरले. एक पायरी तुटलेली आहे, पडतापडता वाचले.

मंगळवार, १४ जानेवारी

दोघींना ऑफिसात बोलावलं. नियमाप्रमाणे वेगवेगळं बसवलं.

मुकादम खुर्चीत ताठ. "यात पास व्हायला किती लागतात?"

"पास-नापास नसतं यात. खरं ते सांगायचं."

"तरी पण. चांगली उत्तरं दिली की चांगलं घर मिळतं ना?" मला हसू आलं. पोर परीक्षेचा अभ्यास करून आली होती जणू.

झोप? "ती झोपली की मला लगेच लागते." जेवण? "सगळं खाते. नाहीतर ती पण टाकते." भीती? "नाही वाटत. घाबरून कसं चालेल?" शून्य, शून्य, शून्य. शाळेला एक गुण, आईच्या आठवणीला दोन. महत्त्वाच्या घटना विचारल्या तर आईची तारीख घडाघडा सांगितली आणि पुढे म्हणे, "नोव्हेंबरात तिला बुटाची नाडी बांधता यायला लागली. मग तिचा दात पडला. आणि डिसेंबरात एका रविवारी तिनं 'आई कधी येणार' विचारायचं बंद केलं." मी सगळं लिहून घेतलं आणि मग खोडलं. या घटना बहिणीच्या. तिच्या फाइलीत जायला हव्यात, हिच्या नव्हेत.

शेपूट चाळीस मिनिटं एक अक्षर बोलली नाही. दाराकडे बघत राहिली. चित्रं दाखवली, बाहुली दिली, बिस्किटाचा पुडा फोडला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी खुर्ची ओली झाली तेव्हा कळलं की तिला बाथरूमला जायचं होतं. दार उघडल्यावर मुकादमने एका नजरेत ओळखलं, स्वतःचा स्वेटर तिच्या कमरेला बांधला आणि मला म्हणाली, "ती मला सांगते. तुम्हाला कसं सांगेल?"

बुधवार, १५ जानेवारी

बेरीज झाली. मुकादम सहा. शेपूट तेवीस. इतकं स्वच्छ काम या महिन्यात कुणाचं नाही. साहेबसुद्धा म्हणाले, "बाई, फॉर्म असा भरावा." घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाले, "मग त्या दोघी आता एकत्र जाणार ना?" मी म्हटलं, समिती बघेल की, तिथे काय आंधळे बसलेत?

मंगळवार, २८ जानेवारी

मुकादमची फाइल मंजूर. गावातच, बेकरीवरच्या घरात. नवराबायको, दोन मुलांपर्यंत परवाना असलेले. त्यांना मी ओळखते, पाववाल्या काकू, फार मायाळू. मी समितीच्या चिटणिसाला विचारलं, "आणि धाकटी?" तो कागद उलटेपालटे करून म्हणाला, "कोण धाकटी? या फाइलीत तर कुणी नाही."

मी स्वतःच खोडलं होतं ना.

शुक्रवार, ३१ जानेवारी

धाकटी विशेष निवासात. बसने तीन तास. मी समितीसमोर उभी राहून सांगितलं की या सख्ख्या बहिणी आहेत. अध्यक्षबाई चांगल्या आहेत, त्यांना वाईट वाटलं. पण म्हणाल्या, तेवीस गुणांच्या मुलाची आम्ही घरगुती सोय करू शकत नाही आणि सहा गुणांचं निवासात कोंबू शकत नाही. "आकडे तुमचेच आहेत ना?" आकडे माझेच होते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

काल दोघींना नेलं. कसं लिहू? शेपटीच्या मुठीतून झग्याचं टोक सोडवायला दोन माणसं लागली. ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मुकादम तिच्या कानात काहीतरी सांगत होती, हसून, अगदी हसून. गाडी वळल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, मी उत्तरं चुकीची दिली का?"

मी म्हटलं, नाही गं राणी, उत्तरं बरोबर होती. माझी तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

साहेबांकडे अर्ज दिला. वरातीमागून घोडं. पहिलं फेरमापन तीन महिन्यांनी, त्यानंतर थेट वर्षानं. तोवर काही नाही. दर बुधवारी ऑफिसातून फोन करू देतील, एवढं पदरात पडलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

फोनचा तिसरा बुधवार. पहिल्या दोन वेळी पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मुकादम एकटीच बोलते, न थकता. आज म्हणत होती, "शहाण्यासारखं वागायचं हं. सगळ्यांशी बोलायचं. बाथरूमला जायचं असलं की मोठ्यांदा सांगायचं. तू नीट बोललीस ना, की ते तुला माझ्याकडे पाठवतील. मग आपण एकत्र." आणि पलीकडून चक्क आवाज आला: "बरं." माझे डोळे भरून आले. किती समजूतदार पोर! एवढं तर मोठ्यांनाही सुचत नाही.

गुरुवार, २० मार्च

पाववाल्या काकूंकडे गेले. बेकरीच्या वरती तीन खोल्या, कायम उबदार. मुकादम तिथेही कामाला लागलीय. मी गेले तेव्हा ट्रे पुसत होती. काकू म्हणाल्या, "गुणी आहे हो. पण पलंगाची अर्धी बाजू मोकळी सोडून झोपते. भिंतीला चिकटून, अगदी कडेला." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "ताई, आमचा परवाना दोघांचा आहे. मी त्या धाकटीसाठी अर्ज करू का?"

मी त्यांना समजावलं. तेवीस गुणांचं मूल घरी देतच नाहीत. उगाच अर्ज कराल, नकार येईल, तो मोठीला कळेल, पुन्हा तिचं मन मोडेल. एकोणीस वर्षं हेच बघतेय मी. काकू ओशाळल्या. "तुम्ही म्हणता तर राहू दे," म्हणाल्या.

येताना डोक्यात एक विचार आला. खाली आणता येत नसेल तर वर नेता येईल. धाकटी वीसच्या आत येणं शक्य नाही. पण मोठी वीसच्या वर गेली तर? तीही त्याच निवासात जाईल.

बुधवार, २३ एप्रिल

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बेकरीवरून उचलून त्या निवासात घालायचं? हे आगीतून फुफाट्यात नाही का?" मी म्हटलं, तिथे बहीण आहे. हे म्हणाले, "आणि पकडली गेलीस तर?" तर जाईन. एकोणीस वर्षं खरे आकडे लिहिले, त्यानं काय भलं झालं?

फोन झाल्यावर मुकादमला दार लावून बसवलं. धाकटी आता फोनवर खूप बोलते म्हणे. आज मी बाहेर चहा घेत होते, ऐकलं नाही. मी सांगितलं, पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तेच प्रश्न विचारणार. या वेळी 'नीट झोपते' म्हणायचं नाही.

"खोटं सांगू?"

"हो."

"तुम्ही तर म्हणाला होतात, खरं ते सांगायचं."

"तेव्हा चुकले मी."

"आणि खोटं सांगितलं की मला तिच्याजवळ नेतील? नक्की?"

"नक्की. माझा शब्द." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बोलले हे.

मंगळवार, २९ एप्रिल

फेरमापन झालं. बावीस.

झोप? "लागत नाही." जेवण? "घशाखाली उतरत नाही." भीती? "वाटते. तिला रात्री कुणी उठवत नसेल याची." राग? "येतो. माझाच." मी लिहीत गेले, दोन, तीन, तीन. निम्म्यात माझा हात थांबला. पोरगी खोटं बोलतच नव्हती. तिला फक्त परवानगी हवी होती.

सही करताना लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं, कितीतरी दिवसांनी.

शुक्रवार, ९ मे

मंजूर! विशेष निवास, सोमवारी न्यायचं. मी स्वतः घेऊन जाणार म्हणून साहेबांकडून मागून घेतलं. मुकादमला सांगितलं तेव्हा ती बेकरीच्या ओट्यावर उभी होती, पिठाने माखलेली. हसली. या मुलीला मी पहिल्यांदा मूल म्हणून हसताना पाहिलं. घरी येऊन ह्यांना म्हटलं, बघा, नियमाला नियमानेच वाकवलं.

सोमवार, १२ मे

क्रमाने लिहिते.

सकाळी सातला तिला घ्यायला गेले. काकूंनी पिशवी भरून दिली, रडल्या. म्हणाल्या, "आज दुपारी आमच्याकडे दुसरं मूल येतंय. शुक्रवारी पत्र आलं, त्यात नुसता नंबर आहे. हिची जागा भरून काढायला नव्हे हो, अर्ज आधीच गेला होता." मी म्हटलं चांगलं झालं, आणि बसची घाई होती. नंबर विचारला नाही. पत्र तिथेच टेबलावर, पावाच्या टोपलीखाली होतं.

तीन तास मुकादम खिडकीत बसून काय काय करणार ते सांगत होती. आधी तिची नखं बघणार, मग केस. निवासाच्या फाटकात ती माझ्यापुढे धावली.

अधीक्षिका बाहेर आल्या, आनंदात. "तुमची ती छोटी? अहो, चमत्कारच. तीन महिन्यांत काय बदलली! सगळ्यांशी बोलते, अंथरूण कोरडं, सगळं मागून घेते. इकडच्या मापकाने अकरा गुण दिले. गेल्या मंगळवारी मंजूर झालं, आज सकाळी आठला गेली. जाताना सगळ्यांना टाटा केला."

"कुठे?" मी विचारलं.

त्यांनी कागद पुढे केला. मी चष्मा शोधत होते, तोवर मुकादमने तो वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग अगदी हळू म्हणाली, "मावशी, हे तर आमचं घर आहे. बेकरीचं."

मी तिथल्या पायरीवर मटकन बसले. अधीक्षिका पाणी आणायला धावल्या. मुकादम माझ्या शेजारी बसली. रडली नाही. म्हणाली, "मग आपण परत जाऊ या ना. पुढची बस किती वाजता आहे?"

पुढची बस दोनला होती. तिच्यातून मी एकटी आले. बावीस गुणांचं मूल समितीच्या सहीशिवाय फाटकाबाहेर नेता येत नाही, आणि पुढचं मापन वर्षानं.

मंगळवार, १३ मे

काकूंकडे गेले. त्यांनी मी नको म्हटल्यावरही अर्ज केला होता, मला घाबरून सांगितलं नाही. "तुम्ही रागवाल वाटलं. आणि मोठीची बदली झाली तेव्हा मला वाटलं, तुमचंच खरं, धाकटी काही मिळायची नाही, पत्रातलं मूल दुसरंच कुणी, निदान या दोघी तरी एकत्र राहतील." दोन मुलांचा परवाना. दोन उशा. मी हात लावला नसता, नुसती घरी झोपून राहिले असते, तरी त्या दोघी काल दुपारी एका पलंगावर असत्या.

धाकटी सगळ्या खोल्यांत जाऊन बघून आली म्हणे. मग जिन्यात बसली.

गुरुवार, १५ मे

साहेबांना सगळं सांगितलं. मोठीला पढवलं, आकडे फुगवले, माझी चूक, मला काय ती शिक्षा करा, पण तिचा सहाचा आकडा परत लावा. साहेबांनी दार लावलं. पहिल्यांदाच माझी थट्टा केली नाही. म्हणाले, "बाई, कशाला सांगितलंत? वर्षभर थांबला असतात तर फेरमापनात आपोआप सुटली असती." खोटी नोंद म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे फाइल सील. आणि चौकशी संपेपर्यंत त्या मुलाच्या बाबतीत कोणताही बदल करता येत नाही, फेरमापनसुद्धा नाही.

किती दिवस चालते चौकशी, मी विचारलं. मला माहीत होतं. साधी चौकशी दोन-दोन वर्षं चालते. करायला गेले एक आणि झालं भलतंच, तेही दोनदा.

सोमवार, २ जून

निलंबन. खुर्चीवरची उशी घरी आणली. ह्यांनी चहा केला. चौकशी चालू असेपर्यंत मला कोणत्याही बालकाशी संपर्क करायला मनाई आहे. बुधवारचा फोनही बंद. फोन माझ्या टेबलावरून, माझ्या सहीने होत होता. दुसरं टेबल ती सही करायला तयार नाही. चौकशीतल्या फाइलीत कोण हात घालील?

अधीक्षिकेला घरून फोन केला, एक बाई म्हणून. त्या भल्या, बोलल्या. मुकादम शांत आहे म्हणे. लहान मुलांच्या वेण्या घालते. झोपताना पलंगाच्या कडेला जाते, दोनदा पडली. आणि विचारत होती, "आता कोणती उत्तरं देऊ?" त्यांना कळलं नाही ती काय म्हणतेय. मी समजावून सांगितलं नाही.

बुधवार, ११ जून

पाव आणायला म्हणून बेकरीत गेले. मनाई आहे, माहीत आहे. काकू गल्ल्यावर नव्हत्या, ओट्यावर धाकटी बसली होती. मला बघून घाबरली नाही. स्वतःच बोलायला लागली, भराभरा, घोगऱ्या आवाजात. बुटाची नाडी, मांजर, दात, भट्टी किती गरम असते.

काकू मागून आल्या. म्हणाल्या, "दिवसभर अशीच. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी. काल घसा बसला, डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं, तरी ऐकत नाही. मी म्हटलं, अगं, जरा थांब. तर रडायलाच लागली."

मी पाव घेतला. धाकटीनं माझ्या पदराचं टोक धरलं.

"मी आज दूधवाल्याशी बोलले. पोस्टमनशी पण बोलले. त्या ओळखीच्या नसलेल्या आजींशी पण," ती म्हणाली. "अजून किती जणांशी बोलायचं?"